वेबसाइटवरचे हात

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची माफी असावी. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी लिहिते.

मी देवळाली प्रवरात कुरडया-शेवया करून विकते. वेबसाइट केली तर लांबची गिऱ्हाइकं मिळतील, असं बचत गटातल्या बायका म्हणाल्या. माझ्याजवळ पैसे नव्हते. आई माझ्याकडेच राहते. स्वतःच्या दहाव्या-तेराव्यासाठी ठेवलेले आठ हजार तिने मला उसने दिले. केडगावच्या एका मुलीने काम घेतलं. कुरडई घालतानाचा माझा फोटो मागवला आणि आठवड्याने वेबसाइट बघायला पाठवली.

भर दुपारी मी ती उघडली. सोऱ्या माझा, साडी माझी, अंगण माझं. तोंड मात्र धाकट्या बहिणीचं. ती अठराव्या वर्षी तापाने गेली, त्याला तीस वर्षं झाली. तिचा एकही फोटो कुणी कधी काढला नव्हता.

मी फोन केला. "ताई, हे तोंड माझं नाही."

"काकू, तुम्हीच आहात!" ती हसली. "सुरकुत्या काढल्या, थोडं उजळ केलं. खूश व्हा की!"

"जरा सावळं करा," मी म्हणाले.

तिने केलं. बहीण सावळीच होती. आता ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"तोंड नकोच, नुसते हात ठेवा," मी कळवलं. हात आले, पण मनगटावरचं गोंदण पुसलेलं. लहानपणी जत्रेत आम्हा दोघींना गोंदायला बसवलं होतं. मी गोंदून घेतलं, ती सुई बघून पळाली. माणसाबरोबर गोंदण तेवढंच जातं, असं आई मानते. धाकटी रिकाम्या हाताने गेली, ही तिची खंत.

आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "ही धाकटी हाय."

त्या दिवसापासून ती फोन पुढ्यात घेऊनच बसायची. "सोऱ्या असा धरायची न्हाई ती. तुझ्याकडनं शिकली वाटतं." ताट वाढलं की फोनकडे सरकवायची. "आधी तिला." स्वतः घास घेईना. चौथ्या दिवशी तिला उठून बसवेना.

मी एसटीने केडगावला गेले. त्या मुलीच्या टेबलावर हात ठेवला. "हे गोंदण पुसू नका. सुरकुत्याही राहू द्या. तोंडपण माझंच लावा."

"काकू, हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना! आता तिसऱ्यांदा बदलतेय." तिने मूळ फोटो लावला. मग विचारलं, "आधीचे तिन्ही ठेवू का काढून टाकू?"

तिने दोनदा विचारलं.

"काढा," मी म्हणाले.

घरी येऊन आईला फोन दाखवला. तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"ही तू."

"व्हय."

"आन् ती?"

"गेली, आई."

ती भिंतीकडे तोंड करून निजली. दिवेलागणीला मात्र उठली आणि दुधात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली.

नंतर हळूहळू ऑर्डरी येऊ लागल्या. जसे जमतील तसे मी आईचे पैसे देत गेले. दिवाळीच्या आधी शेवटचे पाचशे तिच्या हातावर ठेवले. तिने सगळे दोनदा मोजले आणि गाठोड्यात बांधले.

"आठ हजार तेवढे फिटले," ती म्हणाली.