स्टेजवरचा सोफा आणि चेलोचा माइक

“सोफा हितंच राहनार,” संयोजक तिसऱ्यांदा म्हणाले. “पाहुणे कुटं बसवायचे मग?”

मी साउंड इंजिनिअर आहे. सोलापुरात वीस-बावीस वर्षं हेच करतोय. त्या संध्याकाळी एका मंडळाच्या कार्यक्रमात सहा जणांचा फोक बँड वाजवणार होता. गाणी स्वतःची, साथीला गिटार, तुणतुणं, दोन व्हायोलिन आणि एक चेलो. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचा. यांच्याकडे मशीन नाही, रेडीमेड ट्रॅक नाही. अशा वाद्यांना कंडेन्सर माइक लावतात. त्याचे कान फार तिखट. चार-पाच फुटांवरचं बोलणंही तो पकडतो.

चेलो वाजवणारी पद्मा शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली. दुपारी साउंडचेकला ती म्हणाली, “सर, पप्पा पहिल्यांदाच ऐकायला येनारेत. लूमवर काम करून कान गेलेत त्यांचे. चेलो ऐकू येईल न्हवं?”

“येईल,” मी म्हणालो. एक साइड स्पीकर मुद्दाम त्यांच्या खुर्चीकडे वळवला.

आणि मग सोफा आला. पाहुण्यांचा सत्कार करा, माझी ना नाही. पण सत्कार झाल्यावर पाहुण्यांनी खाली उतरायचंच नाही, ही कुठली पद्धत? कलाकारांच्या मागे, लोकांकडे तोंड करून कार्यक्रमभर बसायचं! माइकचं तोंड चेलोकडे, म्हणजे थेट सोफ्याकडेच.

“साहेब, हा माइक सगळं ऐकतो. पाहुण्यांचं बोलणंसुद्धा.”

“ते काय बोलतेत? घ्या की चालवून.”

मी चालवून घेतलं. त्याचा मला अजून राग येतो.

तिसऱ्या गाण्यात बाकी सगळे थांबतात आणि एकटा चेलो वाजतो, अगदी हळू. मी त्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, वर नेली. पद्माचे वडील ऐकायला पुढे वाकले. आणि अख्ख्या हॉलमध्ये घुमलं, “हे रडगानं कवा थांबायचं? डीजे आनला असता तर लई बरं झालं असतं.”

प्रमुख पाहुणे शेजारच्याशी बोलत होते. लोक हसले. कळल्यावर पाहुणेही हसले, माफी वगैरे काही नाही. पद्माचा तारांवरचा गज थांबला. माझं डोकं फिरलं.

मी तडक स्टेजकडे निघालो, भांडायलाच. पण तिचे वडील माझ्याआधी वर पोचले होते. त्यांनी सोफ्याचं एक टोक धरलं आणि वाट बघत उभे राहिले. मी दुसरं टोक धरलं. पाहुण्यांना उठावंच लागलं.

संयोजक धावत आले. “अवो, काय चाललंय हे?”

“साउंडचेक,” मी म्हणालो.

सोफा विंगेत गेला, पाहुणे पहिल्या रांगेत. पद्मानं ते गाणं पहिल्यापासून घेतलं. या वेळी हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

नंतर वायरी गुंडाळताना तिचे वडील भेटले. मी मोठ्यानं विचारलं, “काका, ऐकू आलं का?”

“आलं की,” ते म्हणाले. “दोनी बी आलं.”

त्यातलं पहिलं, पाहुण्यांचं बोलणं, मला टाळता आलं असतं. त्या मंडळानं मला पुन्हा बोलावलेलं नाही, त्याचं काही नाही. सोफ्याचं भांडण मात्र आता मी दुपारीच उरकून घेतो.