गाडी थांबते तेवढ्यात

अप्पा आमच्या घरी आले की बसण्याआधी कंदिलाची वात खाली करत. स्वतःच्या घरची वात त्यांनी कायमचीच खाली ठेवलेली होती. मी सांगतो आहे ती आमच्या घरची. "एकमेकांची तोंडं दिसली म्हणजे झालं. एवढा उजेड लागतो कशाला?" असे म्हणून ते त्या मिणमिणत्या उजेडात आमचा चहा पीत. चहाबद्दल त्यांचे मत फार वाईट होते. या विलायती व्यसनाने घरेच्या घरे धुळीला मिळाली, हे ते दुसरा कप संपवता संपवता सांगत.

गाड्या कोळशाच्या इंजिनावर चालत तेव्हाची ही हकीकत. मी कर्जत स्टेशनात पार्सल कारकून होतो आणि अप्पा मामलेदार कचेरीत कारकून. आमची बिऱ्हाडे भिंतीला भिंत लागून होती. अप्पांची बायको लवकर गेलेली, घरात एक मुलगी, मथू. अप्पांना अप्पा म्हणायचे आणि मनात जे म्हणायचे ते मनातच ठेवायचे, असा आमच्या आळीचा रिवाज होता.

तुम्हीही असे गृहस्थ पाहिले असतील, पण अप्पा त्या सर्वांच्या वरचे. सकाळी चूल पेटवायला त्यांच्याकडे निखारा आमच्या चुलीतून जाई. काड्यापेटी हा पदार्थ त्यांच्या मते श्रीमंतांसाठी होता. कचेरीच्या कामाला कळंबला जायचे तर वहाणा काखेत असत आणि गावाची वेस आली की पायात. कुठे मुंजीचे जेवण असले की आदल्या दिवशी बापलेकीचा उपास पडे, आणि त्याचे पुण्य वेगळे.

डोंगरातली एक ठाकरीण मोळी घेऊन दारी येई. अप्पा मोळी सोडायला लावत, एकेक लाकूड नखाने खरवडून बघत आणि म्हणत, "ओली आहेत गं."

"ओली नाय अप्पा, तुमी रोज रोज हात लावून लावून भिजवली," ती म्हणे. "मोळी नको तर तिची सावली घ्या. ती फुकट हाय."

अप्पा हसत. फुकट या शब्दावर त्यांना नेहमीच बरे वाटे.

इतके वाचवून करायचे काय, असे मी एकदा विचारले. "मथूचं लग्न," ते म्हणाले. उत्तर चोख होते. अडचण एवढीच होती की या काटकसरीमुळेच मथूचे लग्न होत नव्हते. पहिले पाहुणे आले त्यांना अप्पांनी केळ्याचे काप करून वाढले, माणशी दोन. दुसऱ्यांना पोह्यांऐवजी पोह्यांचे गुण सांगितले. ही कीर्ती पार पनवेलपासून खोपोलीपर्यंत गेली आणि मग पाहुणेच यायचे बंद झाले. मथू विशी गाठायला आली. त्या काळी हे वय म्हणजे बायकांनी पाणवठ्यावर आवाज खाली करून बोलायचे वय होते. पोरगी शहाणी, कामाला वाघीण, अक्षर मोत्यासारखे. पण अलीकडे ती दाराशी उभी राहायचीसुद्धा बंद झाली होती.

एका संध्याकाळी अप्पा उड्या मारतच आले. वात खाली करायलाही विसरले.

"जमलं! पुण्याचं स्थळ आहे. मुलगा छापखान्यात. मंडळी मुंबईहून परत निघणार आहेत, बुधवारच्या सकाळच्या गाडीनं."

"मग उतरणार कुठे?"

"उतरतात कशाला? गाडी घाटासाठी मागचं इंजिन जोडायला थांबतेच ना इथे? तेवढ्यात खिडकीतून मुलगी बघायची. पोहे नाहीत, टांगा नाही, पानसुपारी नाही. त्यांनाही पटलं, लगेच हो म्हणाले!"

जाता जाता अप्पांनी विचारले, "मथूला प्लॅटफॉर्मचं तिकीट लागेल का हो? ती कुठे जाणार थोडीच आहे?"

बुधवारी मथू माझ्या बायकोचे लुगडे नेसून प्लॅटफॉर्मवर उभी राहिली. गाडी आली. तिसऱ्या वर्गाच्या एका खिडकीत मुलाचे आईबाप आणि आत कोपऱ्यात मुलगा. अप्पांनी स्टेशनच्या नळाचे पाणी तांब्यातून पुढे केले. हा पाहुणचार.

"नाव काय?" बापाने विचारले.

"मथुरा."

"वाचता येतं?"

"वाच गं तो बोर्ड," अप्पा म्हणाले. मथूने "कर्जत" वाचून दाखवले.

"जरा चालून दाखव," आई म्हणाली. "पाय बघून घेतलेले बरे."

मथू केळेवाल्यापर्यंत चालत गेली आणि परत फिरली. तोवर शेजारच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. कोणी तरी ओरडले, "आमच्या डब्यालाही दाखवा की!" आणि सगळा डबा हसला. मथूची मान खाली गेली ती वर येईना. अप्पांना यातले काही ऐकू आले नाही. त्यांचे लक्ष मागे, इंजिन लागले की काय तिकडे.

मथू खिडकीशी आली आणि हळूच पण स्वच्छ म्हणाली, "माझं चालून झालं. आता यांना चालून दाखवायला सांगा."

आईने तोंडाला पदर लावला. बाप म्हणाला, "काय आगाऊ मुलगी!" अप्पांच्या हातातला तांब्या कलंडला. मुलगा मात्र कोपऱ्यातून उठला, आईचा हात बाजूला सारून खाली उतरला आणि केळेवाल्याच्या दिशेने चालू लागला. आणि डब्यातले हसणे थांबले. त्याचा उजवा पाय अधू होता. दर पावलाला खांदा खाली जाई.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खिडकीतून बघायला मंडळी लगेच हो का म्हणाली ते. अप्पा पोहे वाचवत होते आणि ती मंडळी पाय लपवत होती.

मुलगा केळेवाल्यापाशी पोचला तोच शिट्टी झाली. गाडी हलली. बाप ओरडला, आई ओरडली, मुलगा वळला. पण पळणे त्याच्या हाती नव्हते. गाडी आईबापांना घेऊन घाटाकडे निघून गेली.

आमचा हमाल धावत आला. "पावनं, गाडी गेली की! तुमी हितंच हाय?"

मथू पांढरीफटक पडली होती. "मला ठाऊक नव्हतं," ती त्याला म्हणाली.

"ठाऊक होऊ नये म्हणूनच तर गाडीतून बघायचं ठरलं होतं," तो म्हणाला. "मला ते आवडलं नव्हतं. पण तुमच्याइतकं धैर्य झालं नाही."

अप्पांना वेगळीच चिंता. पुढची गाडी दुपारनंतर होती. त्यांनी घसा खाकरला. "आपण... बुधवारी काही उपास वगैरे?"

"नाही. भूक लागलीय," मुलगा म्हणाला.

अप्पांचा चेहरा मला अजून दिसतो. घरी कोरडा भात आणि मिठाचे पाणी म्हणावे अशी आमटी. माझी बायको म्हणाली, "आमच्याकडे पान वाढते." मथू म्हणाली, "नको वहिनी. आमच्याच घरी जेवतील." आणि तिने अप्पांपुढे हात केला. "किल्ली द्या."

कोठीच्या फडताळाची किल्ली अप्पांच्या जानव्याला असे. ते काही तरी बोलणार होते. मथू हात तसाच पुढे करून उभी होती. अप्पा किल्लीची गाठ सोडू लागले. गाठ सुटेना, ती कधी सोडलेलीच नव्हती.

त्या दिवशी त्या घरात साखर घातलेला शिरा झाला. वास आल्यावर आळीतली दोन माणसे कोण वारले ते विचारायला आली. अप्पा पाहुण्यासमोर बसले, आणि पानात तुपाचा थेंब पडला की डोळे मिटत. पण शिरा तिसऱ्यांदा वाढून घेतला तो त्यांनीच.

आठवड्याने मुलाचा बाप एकटाच आला. चेहरा आंबट. "मुलगा ऐकत नाही," म्हणाला, आणि हुंड्याचा आकडा सांगितला. आकडा मोठा होता. मी अप्पांना बाजूला घेतले. "पायाचं बोला. निम्म्यावर येतील."

ठाकरणीशी एका लाकडासाठी अर्धा तास भांडणारा तो माणूस माझ्याकडे असा बघू लागला की मीच खाली बघितले. "त्या पोराच्या पायावर मी पैसे वाचवू?" ते म्हणाले. आत गेले आणि बाहेर येऊन बापापुढे सगळे पैसे ठेवले. घासाघीस झाली नाही. बाप इतका गोंधळला की आपण कमी मागितले या दुःखातच त्याने सुपारी फोडली.

मथू आतल्या दाराशी उभी होती. ते पैसे ती बघतच राहिली.

"अप्पा, एवढे होते?"

"तुझेच होते की," अप्पा म्हणाले. मोठ्या अभिमानाने म्हणाले.

मथू आमच्या स्वयंपाकघरात येऊन खूप रडली. माझ्या भोळ्या मनाला वाटले, आनंदाने. बायको म्हणाली, "तुम्हांला काही कळत नाही. आईच्या मागे त्या पोरीनं कधी पोटभर जेवून बघितलं होतं का?"

लग्न झाले, मथू पुण्याला गेली. वाचवण्याचे कारण संपले. सवय संपली नाही. अप्पा एका वेळचे रांधून दोन वेळा खात, आणि आता चहाला आले तरी चहाला नावे ठेवत नसत. बोलायला कोणी नसले की माणूस चहाशीसुद्धा जमवून घेतो.

वर्षा-दीड वर्षाने मथूला मुलगा झाल्याचा निरोप आला. अप्पा त्याच आठवड्यात रजा टाकून लोधिवलीच्या सुताराकडे जाऊन आले आणि पुण्याला निघाले. काखेत नवाकोरा पांगुळगाडा. तांबडा, पिवळा रंग, तीन चाके, वर कोरलेला राघू.

"अहो अप्पा, पोर अजून पाळण्यात आहे. चालायला वर्ष आहे त्याला!" मी म्हणालो.

"रंग चांगला वाळायला हवा," अप्पा म्हणाले. "आणि मी तिथे असेन-नसेन."

ते परत आले नाहीत. पावसाळ्यात तापाने गेले, मथूच्या घरी, तिच्या मांडीवर. नातवाचे चालणे त्यांनी बघितले नाही.

मला मात्र ते त्या सकाळचेच आठवतात. डब्यात गर्दी होती. हमाल म्हणाला, गाडा बाकाखाली सरकवा. अप्पांनी ऐकले नाही. खिडकीशी बसून त्यांनी तो मांडीवर घेतला. माझ्याकडे बघायचेही त्यांना भान नव्हते. गाडी हलली तेव्हा ते एका बोटाने पुढचे चाक फिरवून बघत होते, आणि ते फिरते आहे म्हणून एकटेच हसत होते.