सासुरवाडीच्या विहिरीतली उडी

मला पोहता येतं. हे वाक्य मी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदा खरं बोललो, म्हणून ते आधी लिहून टाकतो. पोहणारे लोक पोहण्याबद्दल लिहीत बसत नाहीत, हे मला माहीत आहे. पण तीन उन्हाळे मी जे सोसलं, ते बघता मला तेवढा हक्क असावा.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि तीही उशिरा चढलो. बारावीनंतरची बरीच वर्षं कामातच गेली. आता नांदेडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, दुपारपासून एका झेरॉक्सच्या दुकानात काम. पत्नी एका दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलावर बसते. लग्न ठरलं तेव्हा मी नुकतंच कॉलेजात नाव घातलं होतं. जमीन नाही, पक्की नोकरी नाही. सासऱ्यांनी फक्त एकच विचारलं, "पुढं शिकणार ना?" मी हो म्हणालो, आणि त्यांनी मुलगी दिली.

सासुरवाडी जळकोट तालुक्यात. तिथे गेलो की चहा पिऊन होईपर्यंत ओट्यावर कागद जमतात. कुणाचा विम्याचा फॉर्म, कुणाच्या सातबाऱ्यावर नाव चुकलेलं, कुणाला मोबाइलवर आलेला मेसेज वाचून हवा असतो. "जावयाला इचारा, ते शिकून राहिलेत," असं सासरे सगळ्यांना सांगतात. मला आवडतं ते. पण एक अडचण होते. माझं मत चुकीचं असेल, तरी सांगतो: घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाला 'मला येत नाही' हे वाक्य फार अवघड जातं. सगळे इतक्या विश्वासाने कागद पुढे करतात की एखादी गोष्ट येत नाही असं म्हणताना त्यांची फसवणूक केल्यासारखं वाटतं.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माझे दोन मेहुणे सुट्टीवर आले होते. थोरला पुण्याला गाडी चालवतो, धाकटा लातूरला एका खानावळीत कामाला आहे. सकाळीच दोघे खांद्यावर टॉवेल टाकून समोर उभे राहिले.

"चला दाजी, हिरीवर."

सासऱ्यांच्या शेतात विहीर आहे. तलावाच्या खालच्या अंगाला असल्यामुळे भर उन्हाळ्यातही तिला दोन परस पाणी राहतं, म्हणजे एकावर एक दोन माणसं उभी केली तरी वरच्याचं डोकं बुडेल एवढं. मी काठावरून आत पाहिलं. पाणी हिरवं होतं आणि खूप खाली होतं.

"दाजी, सूर मारता का मुटका?" थोरल्याने विचारलं.

त्या क्षणी 'येत नाही' म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "माझा कान जरा... डॉक्टरांनी पाणी जाऊ देऊ नका म्हणलंय." आणि माझा हात आपोआप उजव्या कानावर गेला.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुपारी सासूबाईंना कळलं. त्यांनी लसणाच्या पाकळ्या ठेचून तेलात कडवल्या, मला खाटेवर आडवं केलं आणि माझ्या ठणठणीत कानात कोमट तेलाचे चार थेंब सोडले. "हलू नका जावईबापू. लई गुणकारी हाय." मी हललो नाही. पाच दिवस, रोज दोन वेळा. नांदेडला परतल्यावरही माझ्या उशीला लसणाचा वास येत होता. कॉलेजात बाकावर शेजारी बसणाऱ्याने जागा बदलली.

दुसऱ्या उन्हाळ्यातही तेच झालं. मेहुणे पाण्यात, मी पायरीवर. त्यांचे कपडे, मोबाइल आणि चपला सांभाळत बसायचो. ते धप्पकन उडी मारायचे आणि पाणी माझ्या चेहऱ्यापर्यंत उडायचं. धाकटा खालून ओरडायचा, "दाजी, निस्ते पाय तरी सोडा पाण्यात! पायाला कान नसतात!" मी हसायचो. दुपारी सासूबाई वाटी घेऊन यायच्या आणि मी मुकाट्याने आडवा व्हायचो.

परतताना एसटी कंधारला पोचली. पत्नी खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "कान कधी बदलला तुमचा?"

"म्हणजे?"

"मागल्या साली उजवा होता. औंदा तुम्ही डावा वर केला."

पुढचं सगळं मी तिला बसमध्येच सांगितलं. माझं गाव माहूरकडचं. आम्ही बौद्ध, मजुरी करणारे. आमच्या वस्तीला विहीर नव्हती. गावातल्या विहिरी ज्यांच्या शेतात, त्यांच्या. वडील लहान असताना एकदा भर दुपारी कुणी नाही बघून एका विहिरीत उतरले. वर आले तर काठावर कपडे नव्हते. मालकाने उचलून नेले होते. वडील लंगोटावर गावातून घरी आले. त्यांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली, आणि त्यापुढे एवढंच म्हणाले की पाण्याजवळ जायचं नाही. मी गेलो नाही. हातपंपावर बादलीने अंघोळ करून मोठा झालो.

ती ऐकत होती. डोळे पुसेल असं वाटलं, पण ती तशी नाही.

"मंग आता शिका की," ती म्हणाली.

शिकायचं म्हटल्यावर मला एकच मार्ग ठाऊक होता. मी कॉलेजच्या वाचनालयातून शारीरिक शिक्षणाचं पुस्तक आणलं, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि शंभर पानी वहीत नोट्स काढल्या. 'श्वासोच्छ्वास', 'हातांची हालचाल', 'पायांची हालचाल' असे मथळे, लाल पेनने रेघा, बाणांच्या आकृत्या. नोट्स काढायचा मला नादच आहे. वर्गात निम्मी मुलं माझ्याच वहीचं झेरॉक्स काढतात. महिन्याभरात बावीस पानं झाली. मग एके दिवशी मी पेटीवर पालथा पडून पान क्रमांक नऊप्रमाणे हातपाय हलवत असताना पत्नी दवाखान्यातून लवकर आली.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

मी पडल्या पडल्या वही दाखवली. तिने ती शेवटपर्यंत वाचली. हसू आवरायला तिला बराच वेळ लागला. "अक्षर लई सुरेख हाय," एवढंच म्हणाली. नांदेडला पोहण्याचा तलाव आहे, पण तिथे बाया वेगळ्या आणि पुरुष वेगळे. पुरुषांच्या वेळेला माझं दुकान असायचं. शेवटी तिनेच ठरवलं की तिसऱ्या उन्हाळ्यात मेहुण्यांच्या पाच दिवस आधी जायचं. ती आठ वर्षांची असल्यापासून त्या विहिरीत पोहते, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी उजाडताच पडलेले आंबे वेचायला जातो सांगून आम्ही निघालो. तिच्या पिशवीत तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा होता. तो तिने माझ्या पाठीवर बांधला. कमरेला बैलाचं दावं आवळलं, त्याला दोर जोडला आणि दुसरं टोक हातात धरून ती पंजाबी ड्रेसवरच पाण्यात उतरली. खालच्या पायरीला धरून मी गळ्याइतक्या पाण्यात होतो.

"सोडा पायरी."

"आधी श्वास नाकाने घेऊन तोंडाने सोडायचा ना? पुस्तकात दोन पद्धती..."

तिने माझी बोटं एकेक करून पायरीवरून सोडवली.

पुढचं मला नीट आठवत नाही. नाकात पाणी, डोळ्यांत पाणी आणि तिचा आवाज. ती मला नेहमी 'तुम्ही' म्हणते, आईसमोरही आणि भांडतानाही. पण विहिरीत ती ओरडत होती, "पाय मार! अरे पाय मार की! हात कामून आवळून राहिला, सोड!" मी पाय मारले. बावीस पानांतलं एक वाक्य आठवलं नाही. डबा मला वर धरून होता, आणि मी मध्यभागी पोचलो होतो. वर आल्यावर ती पुन्हा 'तुम्ही' म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डबा अर्धा पाण्याने भरून बांधला. तिसऱ्या दिवशी तिने तो सोडवलाच, फक्त दोर ठेवला. मी एका बाजूने निघालो, समोरच्या दगडाला हात लावला, आणि वर पाहिलं तर काठावर सासरे उभे होते. मोटार चालू करायला आले होते.

मी दगड घट्ट धरला. पत्नीच्या हातात दोर तसाच.

"कानाचं काय?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षं जपलेलं खोटं मला एका हाताने दगड धरून सांगावं लागलं. "कान बराय मामा. कधीच दुखला नाही. मला पोहता येत नव्हतं."

ते उकिडवे बसले. मला वाटलं, आता यांच्या मनातला शिकलेला जावई गेला.

"ही हीर खांदली तवा मी पस्तिशीत होतो," ते म्हणाले. "योजनेत मंजूर झाली, खांदली मी. अन् पाणी लागलं तर मलाच उतरायची भीती. आमाला कुनी उतरू दिलं व्हतं आधी? मी दोन साल लोकायला सांगत व्हतो, कंबर धरली म्हणून." त्यांनी हनुवटीने मुलीकडे दाखवलं. "मंग हिनं शिकिवलं. एवढीशी व्हती. मला म्हणे, ए दादा, पाय मार."

पत्नी पाण्यातच खाली मान घालून हसत होती. मी दोन उन्हाळे ज्या माणसाच्या विहिरीवर लाज वाटून घेत बसलो होतो, त्याची गोष्ट माझ्या वडिलांच्या गोष्टीपासून फार लांबची नव्हती. फरक एवढाच की त्यांना विहीर मिळाली.

"हात सैल सोडा," जाता जाता ते म्हणाले. "अन् पोरं येईस्तोवर मी काही बोलत न्हाई."

चौथ्या दिवशी दोरही सुटला. पाचव्या दिवशी मेहुणे आले आणि सहाव्या दिवशी सकाळी टॉवेल टाकून दारात उभे राहिले.

"दाजी, चला कपडे राखायला. यंदा खुर्ची आणू का तुमाला?"

"चला," मी म्हणालो.

विहिरीवर थोरल्याने सवयीने मोबाइल माझ्या हातात दिला. मी तो मागून आलेल्या पत्नीकडे दिला. मग शर्ट काढला आणि तोही तिच्याकडे दिला. धाकटा पायरी उतरता उतरता थांबला. "ओ दाजी, काय इचार हाय?" तेवढ्यात बांधावरून सासूबाई भाकरीचं गाठोडं घेऊन येताना दिसल्या, मागे सासरे होते. आता थांबलो तर धीर जाईल, हे मला कळलं. काठावरून मी अजून उडी मारली नव्हती. पायरीवरूनच उतरत होतो. पाणी तेवढंच हिरवं आणि तेवढंच खाली होतं. मी गुडघे पोटाशी घेतले आणि मुटका मारला.

खाली जाताना सासूबाईंचा आवाज ऐकू आला, "अगं बया, कान!" मग पाणी माझ्यावर मिटलं. आत गार आणि एकदम शांत होतं. भीती वाटेल म्हणून मी वाट पाहिली, पण ती आली नाही. मी पाय मारले आणि वर आलो. हात सैल सोडून समोरच्या दगडापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. पुन्हा एकदा गेलो. वर मेहुण्यांनी एवढा ओरडा केला की शेजारच्या शेतातला माणूस काय झालं म्हणून बघायला आला.

"आयला दाजी! कुठून शिकले?"

"घरातच," मी म्हणालो.

ओल्या अंगाने वर येऊन मी सासूबाईंसमोर उभा राहिलो आणि खरं ते सांगितलं. म्हणालो, दोन वर्षं खोटं बोललो, माफ करा. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. जावयाला हात लावायचा त्यांचा स्वभाव नाही, पण त्या दोन पावलं पुढे आल्या.

"कोणता धरू?" त्यांनी विचारलं. "उजवा का डावा?"

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. "मंग तेल कशाला घालत होता?" मी विचारलं. "तुमी आडवे व्हत होता, म्हणून," त्या म्हणाल्या, आणि सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी तेव्हाही हसत होतो आणि आता लिहितानाही हसतोय. आजवर मी बऱ्याच परीक्षा पास झालो. निकाल लागला की मी आधी खाली मान घालून गुण पुन्हा मोजतो, कुठे चूक तर नाही ना म्हणून. त्या दिवशी काहीच मोजावंसं वाटलं नाही. अंगावरून पाणी गळत होतं, गुडघा दगडाला खरचटला होता, आणि मी शेजारच्या शेतातल्या अनोळखी माणसालाही सांगितलं, "मला पोहता येतं."

"दिसलं की," तो म्हणाला.

आंब्याखाली भाकरी सोडल्या गेल्या. मेहुणे कपडे घालून तिकडे गेले. पत्नीने माझा शर्ट पुढे केला. "या आता. सगळे थांबलेत तुमच्यासाठी."

"एकच," मी म्हणालो आणि पुन्हा काठाकडे पळालो.