खाऱ्या पाण्याचा सोफा

घर हे माणसाच्या आत्म्याचे प्रतिबिंब असते, असे मी पुढे बऱ्याच ठिकाणी वाचले. तसे असेल तर आमच्या आत्म्यात दोन-तीनशे नारळ, चार सुपे, भाताची एक कणगी आणि भिंतीला टेकवलेल्या चटयांच्या गुंडाळ्या होत्या. आमच्या पुढच्या खोलीत एवढेच सामान असे. जमीन मात्र बघण्यासारखी. आई शेणात विजेरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड कालवून सारवायची आणि ती जमीन शाळेच्या पाटीसारखी दिसायची. आलेला माणूस स्वतःच चटई उलगडून बसे आणि जाताना गुंडाळून ठेवी.

मुंबईच्या बोटी अजून मालवणला थांबत होत्या तेव्हाची ही गोष्ट. माझे काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, कचेरीतून निवृत्त होऊन गावी आले. लग्न त्यांनी केले नव्हते. तीस वर्षे ते गिरगावातल्या एका गाळ्यात बारा गाववाल्यांबरोबर राहिले. तिथे त्यांच्या मालकीची एक ट्रंक होती, एक खुंटी होती आणि झोपायला साधारण त्या ट्रंकेएवढी जमीन. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, स्वतःची बसायची खोली. ती जमली तर राहीन, नाहीतर गाळ्यात परत जाईन, असे त्यांनी वडिलांना आधीच कळवले होते. वडिलांना भाऊ घरात हवा होता. नारळ, चटया, सगळे माळ्यावर गेले.

काकांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकातून एका खोलीचे चित्र कापून आणले होते. ते आम्हाला दाखवून म्हणाले, "हल्ली साधेपणाची पद्धत आहे. एक सोफा, दोन खुर्च्या, एक तिवई, एक शोकेस, पडदे, फुलदाणी. बस्स."

आई म्हणाली, "साधेपणाक इतक्यां सामान लागता?"

सामान बोटीने आले. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे, माल छोट्या पडावातून किनाऱ्याला यायचा. खुर्च्या कोरड्या आल्या. सोफा उतरवताना लाट आली आणि तो छातीभर पाण्यात बसला. किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याला सन्मानाने उचलून बाहेर काढले.

खाऱ्या पाण्यात भिजलेली वस्तू गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय वाळत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आई कळशी घेऊनच उभी होती. "भावोजी, धुवूक व्हयो. नायतर पावसात रडतलो तो."

"रंग जाईल," काका म्हणाले. "मुंबईचा रंग आहे."

"मुंबयचो रंग बावडेच्या पाण्याक भियाता?"

काकांनी सोफा चार दिवस तसाच उन्हात ठेवला आणि मग समारंभाने आत नेला.

खोली तयार झाली. तिच्यात कोणी येईना. लोक घरापुढच्या खळ्यातूनच आत डोकावत, "बरी दिसता," म्हणत आणि पायरीवर बसत. पायांना चिखल आहे, कपडे मळके आहेत, अशी कारणे पाय धुऊन आलेली आणि अंगात धुतलेला सदरा असलेली माणसेही सांगत. काका संध्याकाळी एकटेच सोफ्यासमोरच्या खुर्चीत बसून फुलदाणी इकडची तिकडे करत.

मे महिन्यात एका दुपारी ते सोफ्यावर टेकले आणि लगेच उठले. धोतर दमट झाले होते. "ह्याला घाम आलाय," ते म्हणाले. आईने येऊन सोफ्यावर हात फिरवला, आकाशाकडे पाहिले आणि खळ्यात वाळत घातलेली कोकमाची सोलां आत घेतली. तासाभरात वळवाची सर आली. शेजारच्या काकूंची सोलां भिजली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दारात उभ्या. "काय ओ, सोलां भायर घालू? तुमचो सोफो काय म्हणता?"

काकांनी गंभीरपणे सोफ्यावर तळहात ठेवला. "कोरडा आहे. घाला."

पाऊस आला नाही. आठवड्याभरात वाडीतले सगळे सोफ्याला विचारून मासे सुकत घालू लागले. विचारायला आत यावे लागे. आत आल्यावर माणूस लगेच कसा जाणार? चटया पुन्हा खाली आल्या. कोणी सूप विसरून गेले, ते तिवईवर राहिले. शोकेसमध्ये कोकमाच्या आगळाच्या बाटल्या लागल्या. काका कचेरीत अर्ज तपासावा तसा सोफा तपासत आणि निकाल देत.

मग आईच्या हातून चूक झाली. पाऊस संपल्यावर, भावोजींच्या सोफ्याला एकदाचे स्वच्छ करावे म्हणून, काका बाजारात गेले असताना तिने खोळी काढल्या, आतला काथ्या उपसला आणि सगळे गोड्या पाण्याने धुऊन वाळवले. रंग गेला नाही. मीठ गेले.

भातकापणी चालू होती. काकू विचारायला आल्या, सोफा खडखडीत कोरडा होता, काकांनी कापायला सांगितले. दुपारी पाऊस कोसळला.

"तुमच्या सोफ्यान माझां भात भिजवल्यान," काकू खळ्यातूनच म्हणाल्या आणि आत आल्या नाहीत.

पंधरा दिवस कोणीच आले नाही. काकांनी ट्रंक पुसून ठेवली. कचेरीतली मराठी त्यांना सोडून गेली. वडिलांना म्हणाले, "गाळ्यात निदान माणसां तरी असत. हंय खुर्चेशी किती बोलतलंय?" त्या दिवशी वडील कमी जेवले.

त्यानंतरच्या दुपारी मी मॅट्रिकचा अभ्यास करत पडवीत बसले होते. काका समुद्राकडून येताना दिसले. खांद्यावर कळशी होती, आणि आमच्या घरातल्या कोणाही पुरुषाला मी तोवर कळशी उचलताना पाहिले नव्हते. ते थेट आपल्या खोलीत गेले. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. आई चुलीपुढून उठली, दारात उभी राहून तिने पाहिले.

"भावोजी," ती म्हणाली, "एका कळशेन काय व्हवचां नाय. आणखी एक आणूक व्हयी."

दुसरी तिने आणली.

सोफा वाळला आणि चार-पाच दिवसांनी त्याला पुन्हा घाम आला. काकांनी स्वतः जाऊन काकूंना सांगितले. काकूंनी विश्वास ठेवला नाही, पण भात झाकले. संध्याकाळी चार थेंब पडले. तेवढ्यावर काकू आत येऊन बसल्या, चटईवर.

ट्रंक माळ्यावर नारळांशेजारी गेली. काका त्या खोलीत एकोणीस वर्षे राहिले. सोफ्यावर ते पुन्हा कधीच बसले नाहीत. धोतर ओले होई.