गट नंबर एक्केचाळीसची जादा तीस मिनिटं

भुताखेतांचा विषय निघाला की "लॉगमध्ये नोंद दाखवा, मग बोलू" म्हणणारी बाई मी. शाहूपुरीतल्या एका ऑफिसात पंधरा वर्षं कोडिंग करतेय. कारणाशिवाय काही घडतं यावर विश्वास ठेवणं मला परवडतच नाही... तरीही हे लिहितेय.

माझा थोरला भाऊ, संजूदादा, दोन वर्षांपूर्वी गेला. गडमुडशिंगीजवळच्या एका पाणी संस्थेला त्याने प्रोग्राम करून दिला होता — कुणाच्या उसाला कधी आणि किती वेळ पाणी, ती पाळी लावणारा. या उन्हाळ्यात शेतीच्या लाइटची वेळ बदलली आणि पाळ्यांचा पार घोळ झाला. संस्थेच्या सेक्रेटरींचा, बापूंचा, फोन आला.

"ताई, दादाचा प्रोग्राम लई गुणाचा हाय, पर दुरुस्त हुतोय काय बघा. न्हाय तर सोमवारी दुसरा बसवतोय. ऊस थांबत न्हाय की."

दादाच्या हातचं एवढंच काय ते चालू उरलं होतं. आणि त्याने लिहिलेला मूळ सोर्स कोड? तो त्याच्या लॅपटॉपवर होता... जो मीच, शहाणीने, फॉरमॅट करून पुतणीला दिला होता.

संस्थेच्या कॉम्प्युटरवर फक्त तयार जार फाइल होती, म्हणजे नुसता चालणारा प्रोग्राम. तिच्यातून कोड परत काढता येतो, पण ते गुळाच्या ढेपेतून ऊस उभा करण्यासारखं. प्रोग्राम काय करतो ते कळतं. लिहिणाऱ्याने मध्ये मध्ये लिहिलेल्या टिपा, म्हणजे कॉमेंट्स, मात्र मिळत नाहीत. त्या कंपाइल करताना, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवतानाच, गळून जातात. याला अपवाद नाही, हे नीट लक्षात ठेवा.

दादाच्या कॉमेंट्स म्हणजे धमाल. अर्धवट कामापुढे लोक "टूडू", म्हणजे करायचं राहिलंय, असं लिहितात, हा "बघू की" लिहायचा. मी चिडवायचे, तो हसायचा. म्हणून रविवारी भर दुपारी कोड काढला, तेव्हा एकही "बघू की" नसलेली ती फाइल बघून मला रडूच आलं.

रडून झालं, कामाला लागले. वेळा बदलल्या. एका ठिकाणी गट नंबर एक्केचाळीसला तीस मिनिटं जादा दिलेली दिसली. का, ते कळेना. टेस्टिंगचं राहिलं असेल म्हणून ती ओळ सिलेक्ट केली, डिलीट दाबणार... तर तिच्या वरती, जिथे मघाशी काहीच नव्हतं, एक कॉमेंट —

// चिमे, हे काढू नको. पाणी पोचाय येळ लागतोय की.

मला चिमे म्हणणारा जगात एकच माणूस होता.

जार फाइलमधून कोड पुन्हा काढला. नव्या कॉपीत ती ओळ नाही. पहिल्या कॉपीत आहे!

गाडी काढली आणि थेट बापूंना घेऊन शेतावर गेले. एक्केचाळीस नंबर गंगाक्कांचा, पाटाच्या अगदी शेवटाला. बापूंनी दादाची बहीण म्हणून ओळख करून दिली. जादा वेळेचं विचारलं, तर आक्का म्हणाल्या, "तुजा दादा आलता की. दिसभर बांधावर बसून घड्याळ बघत हुता. म्हटला, आक्का, पाट झिरपतोय, तुमचं पाणी वाटंतच जिरतंय. त्या अर्ध्या तासावर माझा ऊस उभा हाय बाई." मग माझ्याकडे निरखून बघत, "तू चिमी न्हवं? लई सांगायचा तुझं."

मी मान हलवली.

तीस मिनिटं ठेवली. दादाचा प्रोग्राम सोमवारी सुरू झाला, अजून चालतोय. ऑफिसातले म्हणतात, रडण्याच्या भरात तूच टाइप केलं असशील. असेलही... पण तिथे पाणी पोचायला वेळ लागतो, हे मला कुठे ठाऊक होतं? विचार करून थकले.

फाइल बंद करण्याआधी मी त्या ओळीखाली एक ओळ लिहिली — "व्हय दादा, न्हाय काढत."

कंपाइल केलं की तीही गळून जाणार, मला माहीत आहे. तरी लिहिली. पोचाय येळ लागंल... बघू की.