ताटावर आडवा हात

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. वळणावर पांढऱ्या साडीतली बाई आली, की मला पहिला प्रश्न पडतो, हिच्या साडीला इस्त्री कोण करतं? असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आज आहे की नाही, ते मलाच कळत नाही... म्हणून तर लिहायला बसले.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा वीस वर्षांचा धंदा. माझे थोरले भाऊ, अण्णा, हुपरीला असतात. घरात चांदीच्या पैंजणांचं काम, आणि जीव मात्र सगळा नाटकात. हौशी नाटकात माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारा माणूस. वय एकसष्ट, शुगर दहा वर्षांची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या ओळखीतल्या निखिलने सिनेमा करायला घेतला. गोष्ट अशी — एक सावकार जिलेबी खायच्या पैजेत कधी हरत नाही. गाव त्याला डोक्यावर घेतं, निवडून देतं, त्याच्या पोटाच्या मापाचा हार करतं. तो खातच राहतो आणि शेवटी ताटावरच मरतो. गाव तरी टाळ्या वाजवत असतं. वाचताना मी पोट धरून हसले होते. सावकार म्हणून अण्णा, आणि कंटिन्युइटीला मी. म्हणजे कुठल्या टेकला ताटात किती जिलेब्या होत्या, बाही कुठवर दुमडलेली होती, मान कुठे होती, हे वहीत लिहायचं. नाहीतर जोडताना एका शॉटमध्ये ताट भरलेलं आणि पुढच्यात रिकामं, असं होतं.

निघताना वहिनींनी मला दारात धरलं. "तू हाईस म्हणून सोडलंय त्यास्नी. एक जिलबी पोटात जाता कामा न्हाय, सांगून ठेवतोय."

मी शब्द दिला. त्यात अवघड काहीच नव्हतं. सिनेमात खाण्याचा सीन असला की नट चावतो, आणि 'कट' म्हटलं की शेजारच्या बादलीत थुंकतो. निखिलने बादली ठेवलीही होती.

शूटिंग हातकणंगल्याजवळच्या एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयात होतं. शनिवारी सकाळी पहिला टेक झाला, निखिलने बादली पुढे सरकवली, आणि अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं, की बिचारा बादली घेऊन दोन पावलं मागे गेला.

"अन्न थुकू व्हय रं? आमच्यात ताट धुऊन पित्यात, पावणं."

आणि घास गिळून खरंच त्यांनी ताटात पाणी ओतलं, पाकासकट धुतलं आणि पिऊन टाकलं. आम्ही जैन. ताटात कण ठेवायचा नाही, हे आईने आम्हाला चालायच्या आधी शिकवलेलं. भांडी घासणाऱ्या मावशी तर खूश, म्हणाल्या, "ह्येंचं ताट घासायलाच नगं." सगळे हसले. मीही हसले... आणि मनात म्हटलं, अण्णा म्हणतात ते बरोबरच आहे. वहिनींना दिलेला शब्द आठवत होता, पण चावलेला घास बादलीत पडताना माझ्याच्याने बघवला नसता. दिवसभरात अकरा टेक झाले. किती जिलेब्या, ते माझ्या वहीत आहे. इथे लिहीत नाही.

रविवारी सुट्टी, सोमवारी शेवटचा सीन. रविवारी दुपारी जेवण आटोपून मी घरच्या कॉम्प्युटरवर शनिवारचं शूटिंग बघत बसले. सहाव्या आणि सातव्या टेकच्या मधे एक लहान क्लिप निघाली. जेमतेम नऊ सेकंदांची.

अण्णा जवळून दिसत होते. पुढे स्टीलचं ताट, मागे नुसतं पांढरं. वाढणाऱ्या माणसाच्या पळीचं फक्त टोक दिसत होतं. अण्णांनी उजवा हात ताटावर आडवा धरला, थेट कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाले, "बास की आता, शैले."

शैला मी. सावकार कुणाला 'शैले' म्हणत नाही. आणि अख्ख्या सिनेमात तो 'बास' म्हणत नाही, गोष्टच ती आहे.

मी कॅमेरामनला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, असलं मी काढलंच न्हाय. टेस्ट करताना बटण दाबलं असंल बघा." मलाही ते पटलं. शिवाय तो आडवा हात... लग्नांच्या व्हिडिओत मी असले हात हजारांनी बघितलेत. आपल्याकडे पंगतीत हात आडवा आला की वाढपी जास्तच चेव येऊन वाढतो, बोटांवर जिलेबी ठेवतो, आणि सगळे हसतात. पहिल्या 'बास'ला थांबला तो वाढपी कसला!

म्हणून मी वहीत सवयीने लिहिलं: 'उजव्या हाताच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी — चूक. मागे पांढरी चादर — सेट जुळत नाही. आवाज जड, जीभ अडखळते — साउंड तपासणे. क्लिप काढून टाकणे.' आणि जोडताना घोळ नको, म्हणून क्लिप काढून टाकली.

सोमवारी शेवटचा सीन. ताट भरलेलं, हुपरीहून आणलेली माणसं गावकरी म्हणून टाळ्या वाजवतायत. नववी जिलेबी उचलताना अण्णांचा डावा खांदा खाली गेला. तोंड वाकडं झालं, पाक हनुवटीवरून ओघळला. टाळ्या वाढल्या. निखिल कॅमेऱ्यामागून दबक्या आवाजात म्हणाला, "वा अण्णा, वा!" आणि मी... मी वहीत लिहिलं, 'मान डावीकडे.' माझ्या अक्षरात आहे ते. मावशी ओरडल्या, "आवं, त्यो माणूस पडाय लागलाय!" तेव्हा कुठे आम्ही धावलो.

अर्धांगवायू. डावी बाजू गेली. शुगर यंत्रावर आकड्यात दिसलीच नाही, नुसतं इंग्रजीत 'हाय' लिहून आलं. डॉक्टर म्हणाले, हे कधीतरी होणार होतंच, तुम्ही लवकर आणलंत.

चौथ्या दिवशी त्यांना तोंडाने खायला परवानगी मिळाली. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांचा नेम. म्हणून वहिनी घाईने घरून पेज घेऊन आल्या. मी स्टीलच्या ताटात वाढत होते. चार घास गेले, मी पळी पुन्हा पुढे नेली. अण्णांनी उजवा हात उचलून ताटावर आडवा धरला. हाताच्या पाठीवर सलाईनची पांढरी चिकटपट्टी. मागे पांढरी चादर. माझ्याकडे बघून जड जिभेने, एकेक अक्षर लोटत म्हणाले, "बास... की आता... शैले."

मी पळी तशीच धरून त्या चिकटपट्टीकडे बघत राहिले. वहिनी म्हणाल्या, "अगं, काय झालं?"

नंतर मी ती क्लिप खूप शोधली. काढून टाकलेल्या फायली परत आणणाऱ्या माणसाकडेही गेले, पण त्याला काही सापडलं नाही. कॅमेरामनला माझा फोन आठवतो, पण त्याने क्लिप बघितली नव्हती. वहीतलं ते पान निखिलने सोमवारी सकाळी, सीनच्या आधी, वाचलं होतं. 'चिकटपट्टी कसली, ताई?' असं विचारलंही होतं. म्हणजे मी नंतर लिहिलं असंही नाही. कधी वाटतं, दमलेल्या डोक्याने काहीतरी बघितलं असेल. पण मग चिकटपट्टी? आणि वाढणारी मीच होते, तर कॅमेऱ्याच्या जागी कोण होतं? विचार करून डोकं फिरतं. सिनेमा तसाच पडून आहे.

अण्णा आता घरी आहेत. नाटक संपलं. बोलणं कळतं, पण समोर बसून ऐकावं लागतं. गेल्या महिन्यात मी हुपरीला गेले होते, तेव्हा ते जेवत असताना धीर करून त्यांना सगळं सांगितलं. वही दाखवली. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मला वाटलं हसतील, किंवा देवाचं नाव घेतील.

"म्हंजे... आदल्या दिशीच... मी बास म्हटलंतं," ते सावकाश म्हणाले. "मग... थांबवलं का न्हाईस?"

रागाने नाही विचारलं. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. त्यांनी ताटात पाणी ओतलं. एका हाताने ताट उचलेना, म्हणून दुसरी बाजू मी धरली.