भिकनआप्पांचा ढिल्ला धागा

भिकनआप्पा टायरमधली हवा तळहाताने तपासत. टेम्पोतून उतरायचे, टायरवर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या थाटात निकाल द्यायचे, "बराबर शे." टायर जमिनीवर अंग टाकून बसलेला असे. पण आप्पांनी बराबर म्हटल्यावर बिचारा काय बोलणार?

मूळचे खानदेशातले आप्पा नव्वदच्या दशकात सुरतेला डिंडोलीत माझ्या शेजारी राहत. भेस्तानच्या ज्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मी सुपरवायझर होतो, तिथले कापडाचे ताके त्यांच्याच टेम्पोतून मार्केटला जात. टेम्पो घेण्याआधी त्यांनी स्वतः लूम चालवली होती, आणि तिथलं एक तत्त्वज्ञान घेऊनच ते स्टिअरिंगवर बसले होते. "तानेल धागा तुटस रे भो, ढिल्ला धागा टिकस!" लूमवर ताणा, म्हणजे उभे धागे, फार ओढला की धागे तटातट तुटतात, हे खरंच होतं. आप्पांनी तेच टायरला लावलं. हवा जास्त म्हणजे ताण जास्त, ताण जास्त म्हणजे टायर फुटणार. एवढं सोपं गणित टायर बनवणाऱ्यांना सुचलं नाही, याची त्यांना कीव येई.

आता कमी हवेचा टायर चपटा बसतो, रस्त्याला चिकटून चालतो आणि इंजिनाला फुकटचं ओझं ओढावं लागतं. आप्पांचा टेम्पो त्यामुळे डिझेल पीत नसे, ढोसत असे. पण आप्पांचा संशय कायम पंपवाल्यावर. "बिघाड डिझेलमा शे, टायरमा नही." शुद्ध डिझेलच्या शोधात त्यांनी एकेक पंप सोडून दिला आणि शेवटी कतारगामच्या पंपावर त्यांचा जीव जडला. डिंडोलीहून अख्खं शहर ओलांडून ते डिझेल भरायला जात आणि तेवढंच जाळून परत येत. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "तू सुपरवायझर शे, डायवर नही."

नाक्यावरचा पंक्चरवाला गुजराती होता. हवा मोजायचं गेज हातात धरून, हवा फारच कमी आहे म्हणून तो विनवायचा, "काका, हवा बहु ओछी छे. टायर गरम थशे, फाटी जशे." आप्पा उलट टायरला उदबत्तीचा धूर दाखवायचे. दसऱ्याला टायरना हळद-कुंकू मिळे, झेंडूची माळ मिळे. हवा तेवढी मिळत नसे.

मग सुनंदाचं लग्न ठरलं. आप्पांची एकुलती एक पोर. नवरदेव नंदुरबारकडचा, लग्न त्याच्या गावी. वऱ्हाड अर्थातच आप्पांच्या टेम्पोतून निघालं, भर वैशाखात. पाठीमागे आम्ही सगळे, भांडीकुंडी, लाडवांचे डबे. पुढे आप्पांशेजारी हळदीच्या अंगाने सुनंदा. निघताना मी टायरकडे बोट दाखवलं. आप्पांनी तळहात ठेवला, डोळे मिटले. "बराबर शे."

वाटेतलं व्यारा गाव ओलांडल्यावर मागचा टायर फुटला. टेम्पो उजवीकडे खेचला गेला, समोरून येणारा ट्रक हॉर्न ठोकत अंगाला घासून गेला आणि आम्ही सगळे लाडवांसकट रस्त्याकडेच्या चरात कलंडलो. मी मेलो असंच मला वाटलं. सावरून पुढे धावलो, तर सुनंदाचं कपाळ काचेवर आपटलेलं, हळदीवरून रक्त ओघळत होतं.

येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टेम्पो रस्त्यावर काढून दिला. स्टेपनी लावली, तीही त्याच पंथातली, पोट खपाटीला गेलेली. तरी आप्पा घाई करू लागले, "बस माय, मुहूर्त टळी जाई."

सुनंदाने पदराने कपाळ दाबून धरलं होतं. "मी बसत नही. पहिले हवा भर."

"अवं, मुहूर्त..."

"मुहूर्त दुसरा भेटी, आप्पा. बाप दुसरा कोठून लई येऊ?"

आणि ती चालायला लागली. रिकामा टेम्पो पुढे, नवरी आणि अख्खं वऱ्हाड उन्हात पायी मागे, अशी आमची वरात पुढच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत गेली. गेज लावून चारही चाकं भरली, फुटलेला टायरही बदलला, तेव्हा सुनंदा चढली. लग्न संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लागलं.

आप्पा सुधारले म्हणाल, तर छे! गेजने हवा भरू लागले, टेम्पो तेवढ्याच डिझेलमध्ये लांब पळू लागला, आणि आप्पा गल्लीभर सांगत सुटले, "मन्हा धाकमा पंपवाला सुधरना!" मला त्यांचा इतका राग यायचा! पण दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरीला माहेरी आणायला निघण्याआधी ते पंक्चरवाल्यासमोर मुकाट बसलेले असत, नव्या नवरदेवासारखे. का, ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

एका हिवाळ्यात आप्पा झोपेतच गेले. त्यानंतरच्या आखाजीला सुनंदा बसने आली. टेम्पो दारात उभा होता, कुणी चालवलेला नव्हता. घरात शिरण्याआधी ती त्याच्याजवळ थांबली. टायरवर तळहात ठेवला, डोळे मिटले.

"ढिल्ला शे, आप्पा," ती म्हणाली, आणि तिथेच टायरला टेकून रडत बसली.